बिनकाट्याच्या चिलापीसाठी शहागड ते परतूर

मासे कापायला शिकण्यासाठी कुणी तीन दिवस रजा टाकतं का, असं आमच्या प्राचार्यांनी विचारलं. मी म्हणालो, टाकतं. मी संभाजीनगरच्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवतो. रजेच्या अर्जावर कारण म्हणून 'कौटुंबिक' लिहिलं आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

कारण होतं आक्का. माझी थोरली बहीण. शहागडजवळच्या एका गावात तिनं उभी नोकरी प्राथमिक शाळेत काढली. गोदावरी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बुधवारी घरात मासे म्हणजे मासेच. निवृत्तीनंतर साखरेनं तिचे डोळे गेले आणि ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलेलं नाही (का, हा वेगळ्या ब्लॉगचा विषय आहे), त्यामुळे घरात आम्ही दोघंच. बुधवारचे मासे चालू राहिले. मी काटे काढून द्यायचो, ती खायची. एका बुधवारी मी काढून दिलेल्या घासातलाच काटा तिच्या घशात अडकला. दवाखान्यात जाऊन काढावा लागला. त्या दिवसापासून तिनं मासे सोडले. मी शंभरदा माफी मागितली. ती रागावली नव्हतीच. एवढंच म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई रे. पण दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून घास गिळायचा, हे मला जमत न्हाई."

हे मला फार लागलं. मी बाजारातून बिनकाट्याचा बासा आणला. तिनं एक घास खाल्ला आणि विचारलं, पनीर कधीपासून खायला लागलो आपण? मग ठरवलं की नदीचाच मासा, आपलीच चिलापी, पण ताटात येताना एकही काटा नको. ऑनलाइन आठ इंची लवचीक सुरी मागवली, कातडी म्यानासकट. रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. व्हिडिओतले मासे हातभर लांब, आपली चिलापी तळहाताएवढी. दोन आठवड्यांत मी जे काही केलं त्याला चटणी म्हणता आलं असतं. तेव्हा रविवारी सकाळी सुरी पिशवीत घातली आणि सातच्या बीड गाडीत बसलो. आक्काला सांगितलं, कामानं जालना जिल्ह्यात जाऊन येतो. तिच्या मैत्रिणीला तीन दिवस सोबतीला बोलावून ठेवलं.

ज्यांना हाच रस्ता धरायचा असेल त्यांच्यासाठी: मध्यवर्ती बसस्थानकातून बीडकडे जाणारी कुठलीही एसटी शहागडला थांबते. आडूळ, पाचोड करत दोन तासांत पोहोचता. पाचोडला गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात गरम भजी आणि चहा होतो. उजवीकडची खिडकी घेऊ नका, तिकडून पाहण्यासारखं काही नाही आणि परतीच्या ट्रकांची धूळ येते. डावीकडे मोसंबीच्या बागा दिसतात, मग एकदम उतार लागतो आणि नदी येते.

पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेला मासळीवाल्या बसतात. सहा-सात जणी, प्रत्येकीसमोर बारदान, बारदानावर मासे, बाजूला राखेचं डबडं आणि विळी. मी पहिल्या तिघींना टाळून चौथीसमोर थांबलो, कारण तिची विळी सगळ्यांत धारदार दिसत होती. वर्कशॉपवाल्याची नजर माणसाआधी पात्यावर जाते, त्याला इलाज नाही. तिचं नाव शांताबाई, वय चाळिशीच्या पुढं. मी कशासाठी आलोय ते सांगितलं. बहिणीचं सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. ती कापता कापता थांबली.

"बाईंचे भाऊ का तुम्ही? तिसरीत बाई होत्या आमाला. पाढे चुकले की उभं करायच्या." मग राखेचे हात पदराला पुसत तिनं विचारलं, "बाई मासे खात न्हाईत आता?"

मी नाही म्हणालो. त्यानंतर तिनं माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघणं सोडलं. एक चिलापी माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, करा बरं, काय येतंय ते बघू. आजूबाजूच्या सगळ्याजणी धंदा सोडून माझ्याकडे वळल्या.

मी सुरी काढली तेव्हा हसू आलंच त्यांना. मी घरी करायचो तसंच सुरू केलं: आधी खवले काढले, मग पोट फाडलं. पोटात आठ इंची पात्याचं टोक कुठवर गेलं ते मला कळलंच नाही. पित्ताची पिशवी फुटली आणि हिरवं पाणी मासावर पसरलं. दोन आठवडे घरी प्रत्येक तुकडा कडू का लागत होता, त्याचा उलगडा तिथं झाला. मी त्याचं खापर तेलावर फोडत होतो.

शांताबाईंनी सुरी हातात घेतली, वाकवून बघितली, अंगठ्यानं धार चाचपून बघितली. मग टोपलीतून एक मरळ काढली. मरळ लांब, गोल अंगाची, आतून काटे कमी. तिनं शेपटीकडून पातं घातलं आणि एकाच ओढीत डोक्यापर्यंत नेलं. मासाचा अख्खा पट्टा सुटून आला. मी बघतच राहिलो. तिच्या हयातीत तिनं अशी सुरी धरलेली नव्हती, असं ती नंतर म्हणाली.

"हे पातं मरळीला बराबर हाय," ती म्हणाली. "चिलापीला हे बिलकुल न्हाई चालायचं. माशाच्या अंगापेक्षा पातं मोठं झालं की टोक कुटं चाललंय ते हाताला कळत न्हाई."

एवढी साधी गोष्ट. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगतो की कामाच्या मापाचं हत्यार घ्या, आणि स्वतः तळहाताएवढ्या माशासाठी आठ इंच मागवले होते. मोठी वस्तू महाग म्हणून चांगली वाटली, दुसरं कारण नाही. शांताबाईंनी मला दोन पत्ते दिले. पातं करून घ्यायला जालन्याला जुन्या मोंढ्याजवळ सुऱ्या घडवणारे एक शिकलगार चाचा. आणि शिकायला परतूरची तिची नणंद रुखमाबाई, जी दुधनेच्या धरणातली चिलापी बिनकाट्याची करून हॉटेलांना देते. स्वतः शांताबाईला ते काम येत नव्हतं आणि तिनं तसं सरळ सांगितलं. विळीवर काट्यासकट तुकडे पाडणं हे तिचं काम.

निघताना तिनं माझ्याकडून माशाचे पैसे घेतले नाहीत, वर दम दिला. बाईंना मासे खायला लावा, न्हाईतर इकडं तोंड दाखवू नका, असं म्हणाली. मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायची माझी टाप नव्हती.

शहागडहून अंबडला एसटी मिळते, तासाभराचा रस्ता. अंबडच्या स्टँडसमोर शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, नव्वद रुपयांत पोट तुडुंब. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो. तिथून जालना आणखी तासभर. मुक्काम स्टँडजवळच्या एका लॉजवर केला, सहाशे रुपये, गरम पाणी सकाळी फक्त आठपर्यंत.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी चाचांच्या दारात उभा होतो. जालना हे लोखंडाचं गाव. भट्ट्या, रोलिंग मिल, भंगाराचे ढीग, सगळीकडे सळया. चाचांचं दुकान मात्र दोन पावलांचं: धार लावायची एक सान, एक ऐरण, पाण्याची बादली आणि स्टूल. स्टूल माझ्या वाट्याला आलं. आठ इंची सुरी त्यांनी उलटसुलट करून बघितली.

"माल अच्छा हाय," ते म्हणाले. "पण इतका लांब कायको? हात दाखवा."

मला वाटलं ते थट्टा करतायत. त्यांनी माझा उजवा तळहात धरला, मधलं बोट मोजलं, मग विचारलं की मासा केवढा. मी तळहात दाखवला. त्यांनी भंगारातून सॉ मिलमधल्या पट्टा-आरीच्या तुटक्या पात्याचा तुकडा उचलला. वाकतं आणि परत सरळ होतं, असं पोलाद. दात घासून काढायला सुरुवात केली. मला राहवेना म्हणून सांगितलं की पातं तापून निळं पडलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल. त्यांनी दर दोन घासण्यांनंतर पातं बादलीत बुडवलं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं. चौथ्या वेळेला मी गप्प बसायचं ठरवलं.

दुपारपर्यंत सुरी झाली. पाच इंच लांब, करंगळीपेक्षा बारीक, बाभळीची मूठ, तांब्याचे दोन रिवेट. धार एकाच बाजूनं दिलेली. दुसरी बाजू सपाट, ती काट्यावर टेकून चालते आणि काट्यात शिरत नाही. अडीचशे रुपये. ऑनलाइन सुरीच्या किमतीत अशा आठ आल्या असत्या. कुणाला करून घ्यायची असेल तर मासा केवढा ते आधी हातानं मापून जा आणि डावरे असाल तर तसं सांगा, कारण धारेची बाजू बदलते. संध्याकाळी लॉजवर काकडीवर हात चालवत बसलो. लॉजवाल्याला वाटलं मी कोशिंबीर करतोय, त्यानं मीठ आणून दिलं.

मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरनं परतूर. तासाभराचा प्रवास, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं. परतूरला कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत बाजाराच्या मागच्या गल्लीत पोहोचलो. रुखमाबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. शांताबाईचा फोन येऊन गेलेला होता. माझी पाच इंची सुरी बघून त्यांनी मान डोलावली आणि मला पाट दिला. ही माझ्या तीन दिवसांतली पहिली पास झालेली परीक्षा.

पहिला धडा: ताजा मासा लगेच घ्यायचा नाही. मी बाजारातून फडफडती चिलापी छाती फुगवून घेऊन गेलो होतो. रुखमाबाईंनी ती बर्फात टाकली आणि म्हणाल्या, थांबा. मासा थंड झाला की मांस घट्ट होतं, पात्याखाली फाटत नाही. दुसरा धडा: पाण्यानं धुवत बसायचं नाही, फडक्यानं कोरडा करायचा आणि खाली बारदान अंथरायचं, म्हणजे मासा सरकत नाही. तिसरा धडा ऐकून मी कपाळावर हात मारला. पोट फाडायचंच नाही. खवले पण काढायचे नाहीत.

कल्ल्यामागं तिरकी चीर द्यायची, मधल्या काट्याला पातं टेकलं की थांबायचं. मग पाठीच्या पराला लागून डोक्याकडून शेपटीकडे, थोडं थोडं करत, पातं काट्यावर निजवून न्यायचं. बरोबर चाललं की खर्रर्र असा बारीक आवाज येतो. आवाज बंद झाला म्हणजे तुम्ही मांस वाया घालवताय. बरगड्या लागल्या की त्यांच्यावरून जायचं, आत शिरायचं नाही. पोट आणि पित्त जिथल्या तिथं राहतं. तुकडा सुटला की कातडी खाली करून मांडायचा, शेपटीकडचं कातडं चिमटीत धरायचं आणि सोलायचं. मी सुरी पुढं रेटत होतो. रुखमाबाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"सुरी हलवायची न्हाई, कातडं हलवायचं," त्या म्हणाल्या.

कातडं डावीउजवीकडे हलवत मागं ओढलं आणि खवल्यांसकट सुटून आलं. खाली पांढरा स्वच्छ तुकडा. मला इतका आनंद झाला की मी त्यांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, अजून काटे हायेत त्याच्यात.

मी डोळे ताणून बघितलं. एकही दिसेना. रुखमाबाईंनी एक स्टीलची वाटी पाटावर पालथी घातली आणि तिच्यावर तुकडा पसरला. वाटीच्या फुगीर बुडावर मांस ताणलं गेलं. मग त्यांनी तर्जनी डोक्याकडच्या बाजूनं मधोमध फिरवली. त्या वेळी त्या गल्लीतल्या कुणाशी तरी बर्फाबद्दल बोलत होत्या, तुकड्याकडे बघतही नव्हत्या. बोट चार ठिकाणी थांबलं. चारही ठिकाणी केसासारखा काटा होता. त्यांनी दोन बारीक चिरा देऊन काट्यांची ती पट्टी काढून टाकली.

"डोळ्यानं काटा सापडत न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या. "मी बघतच न्हाई. बघितलं की बोट आळशी होतं."

मी राहू माशाबद्दलही विचारलं, कारण आक्काला राहू आवडतो. त्याच्या पाठीतले दुफाटे काटे कुणालाच काढता येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्याला कातडीपर्यंत अगदी जवळ जवळ आडव्या चिरा द्यायच्या आणि कडक तळायचा, म्हणजे काटे विरघळल्यात जमा. पण तुमच्या बहिणीला तो देऊ नका, असंही लगेच म्हणाल्या. मग मी अट घातली, स्वतःलाच. सलग दहा मासे बिनकाट्याचे झाल्याशिवाय परतूर सोडायचं नाही. सहाव्या माशावर एक काटा राहिला, पुन्हा एकपासून. मग तिसऱ्यावर राहिला, पुन्हा एकपासून. हॉटेलचा माणूस माझेच तुकडे घेऊन गेला, त्यामुळे रुखमाबाईंचं नुकसान झालं नाही. चार वाजता दहा झाले. दहावा त्यांनी दोनदा तपासला. पाठ धरली होती, बोटं सुजली होती, आणि मी परतूर स्टेशनवर एकटाच हसत उभा होतो.

थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि बारा चिलाप्या घेऊन संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. खोका नीट चिकटपट्टीनं बंद करा, नाहीतर डब्यात तुमच्या शेजारी कुणी बसत नाही. मला खिडकीपासून खिडकीपर्यंत अख्खं बाकडं मिळालं.

बुधवारी सकाळी आक्का उठायच्या आत मी स्वयंपाकघरात पाट मांडला. बेत असा होता की सगळं तयार करून, तळून, तिच्यापुढं ठेवायचं. पहिला मासा झाला, दुसरा झाला, खर्रर्र आवाज नीट येत होता. दाराशी आक्का उभी होती. किती वेळ ते माहीत नाही. वासावरून तिला चिलापी कळली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं: शहागड, चाचा, परतूर, सलग दहा. मी खात्रीनं सांगितलं की या वेळी एकही काटा असणार नाही. तिनं शांतपणे विचारलं, मागच्या वेळी खात्री नव्हती का?

तीन दिवस मी सुरी बदलली, पद्धत बदलली, पण मुद्दा तिथंच होता. तिला माझ्यावर भरवसा ठेवायचा नव्हता आणि मी तेच मागत होतो. मग मी दुसरं काहीच न सुचून तिला खुर्चीवर बसवलं, समोर वाटी पालथी घातली, तिच्यावर तुकडा पसरला आणि तिची तर्जनी तुकड्यावर ठेवली. रुखमाबाई म्हणाल्या होत्या ते सांगितलं.

तिचं बोट पहिल्यांदा घाबरत गेलं, मग हळूहळू. पहिला तुकडा साफ होता, तिनं बाजूला ठेवला. दुसरा साफ. चौथ्या तुकड्यावर बोट थांबलं. मी वाकून बघितलं, मला काही दिसलं नाही. तिनं नखांच्या चिमटीत धरून ओढला. केसाएवढा काटा. तो बोटावर घेऊन तिनं माझ्यापुढं धरला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "हा राह्यला होता."

त्यानंतर मी कापत गेलो आणि ती तपासत गेली. शहागडच्या शांताचं सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली, म्हणाली, सातचा पाढा कधीच आला नाही तिला. चोवीस तुकडे झाले. तिच्यासाठीचे सहा तिनं स्वतः वेगळे काढून माझ्या हातात दिले, बाकीच्यांतले थोडे तिनं बघायच्या आत माझ्या ताटासाठी मीच घाईघाईनं तपासले. हळद, तिखट, ज्वारीचं पीठ, तव्यावर थोडं तेल.

आठ महिन्यांनी आक्काच्या ताटात नदीचा मासा होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, मासा घेतला, तोंडात घातला आणि न थांबता चावून गिळला. मी हातात घास धरून तिच्याकडेच बघत होतो. माझे डोळे भरून आले. तिला दिसत नाही याचं त्या एका क्षणी मला बरं वाटलं.

"जेव की," ती म्हणाली. "माझ्या ताटाकडं काय बघून राह्यलास?"

मी घास तोंडात घातला आणि दोनदा चावला तोच टाळूला काटा टोचला. मी आवाज न करता तो काढायला बघत होतो. आक्कानं माझं चावणं थांबलेलं ऐकलं होतं. तिनं ताटावरून हात पुढं केला, माझ्या ताटातले उरलेले तुकडे एकेक करून उचलले, आणि वाटी मागितली.